प्रवरेचे माहेर

सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचलेल्या माणसाची नजर स्वभावतःच पश्चिमेकडे वळते. कड्याच्या टोकाशी उभे राहिले की कोकणाचा तळ एकाएकी पायांखाली उघडा पडतो, ढग खालून वर चढताना दिसतात, आणि त्या भव्य, किंचित भयप्रद दृश्यात चित्त असे गुंतून पडते की, आपल्या पाठीमागे, पूर्वेच्या अंगाला, त्याच काळ्या पाषाणाच्या कुशीत किती सौम्य आणि निवांत खोरी पसरलेली आहेत, याचे भान उरत नाही. आमच्या गिर्यारोहकांनी कडे, सुळके आणि घाटवाटा यांच्या वर्णनात पुष्कळ शाई खर्ची घातली. खोऱ्यांकडे त्यांनी बहुधा मुक्कामापुरतेच पाहिले. अकोले तालुक्यातील प्रवरेचे वरचे खोरे, म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणाच्या भिंतीपासून मागे रतनगडाच्या पायथ्यापर्यंत आणि घाटघरच्या कड्यापर्यंत पसरलेला मुलूख, या दुर्लक्षाला अंशतःच अपवाद ठरला आहे. धरण पाहायला लोक येतात, काजवे पाहायला तर झुंडीने येतात. परंतु खोरे म्हणून ते पाहणारा विरळाच.

मुंबई-आग्रा मार्गावरील घोटी सोडून दक्षिणेकडे निघालेला रस्ता भातखाचरांच्या कडेकडेने बारी गावाशी खिंड चढतो आणि ती खिंड ओलांडताच पावसाळ्याच्या अखेरीस जे दिसते त्याने प्रथमदर्शनी माणूस थोडा गोंधळतो, कारण डोंगर, पाणी आणि शेत यांपैकी कोणाकडे आधी पाहावे हेच त्याला उमजत नाही. उत्तरेची बाजू कळसूबाईच्या रांगेने धरलेली आहे. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातील सर्वोच्च. आणि तेथून पश्चिमेकडे निघालेली डोंगरांची ओळ अलंग, मदन आणि कुलंग या तीन दुर्घट दुर्गांपर्यंत जाऊन भिडते. दक्षिणेला रतनगड आणि त्याच्या पलीकडे कात्राबाईचा डोंगर. पश्चिमेला घाटघर, जेथे भूमी अकस्मात संपते. या तीन बाजूंच्या भिंतींमध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर प्रवरेचे पाणी अडून राहिले आहे आणि त्या पाण्याच्या काठाकाठाने शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी गावे, बहुतेक महादेव कोळी समाजाची, वसलेली आहेत.

हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, त्याचे कारण त्यांच्या जन्मात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हा दख्खनवर एकामागून एक थरांनी पसरला आणि गोठला. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाण्याने आणि वाऱ्याने ठिसूळ थर झिजवले आणि कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले. साम्रदजवळच्या सांधण दरीत हा पाषाण पाण्याने इतका खोल आणि इतका अरुंद चिरला आहे की, भर दुपारीही तिच्या तळाशी उन्हाची एखादी पट्टीच तेवढी उतरते. घाटघरच्या कड्यावर निसर्गाचा एक विलक्षण निवाडा पाहायला मिळतो. कड्याच्या पश्चिमेला पडलेला पावसाचा थेंब थोड्याच अंतरावरच्या अरबी समुद्राला जातो. आणि कड्याच्या अलीकडे काही पावलांवर पडलेला थेंब मात्र प्रवरा, मग गोदावरी, असा अवघा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंतचा प्रवास करतो. समुद्राच्या इतक्या निकट जन्मून त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या नद्या सह्याद्रीला नव्या नाहीत. तरी घाटघरला हे प्रत्यक्ष पायाखाली असल्यामुळे ते भूगोलाच्या पुस्तकातल्यापेक्षा अधिक पटते.

पाऊस हा या खोऱ्याचा खरा धनी. नैर्ऋत्येचे ढग कोकणातून सरळ कड्यावर आदळतात, वर चढता चढता थंड होतात आणि आपला बहुतेक भार घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यातच रिकामा करतात. चांगल्या पावसाळ्यात घाटघरचा आकडा पाच हजार मिलिमीटरच्या आसपास जातो. तेच ढग पूर्वेकडे सरकत राजूर, अकोले करीत संगमनेरच्या बाजूला पोहोचेपर्यंत इतके दुबळे होतात की तेथे पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात. एकाच नदीच्या काठी, एका दिवसाच्या सहज प्रवासात, अतिवृष्टी आणि अवर्षण ही दोन टोके यावीत, ही वस्तुस्थिती नीट ध्यानात ठेवली पाहिजे. कारण या खोऱ्याच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाची किल्ली तिच्यात आहे.

येथली शेती भाताची. उतारावर नाचणी आणि वरई. भाताची तयारी पाऊस येण्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि बाहेरून आलेल्या माणसाला उन्हाळ्यात जी काळी, जळकी चौकोनी ठिगळे खाचरांत दिसतात ती याच तयारीची खूण होय. ज्या तुकड्यात रोपे वाढवायची त्या दाढीवर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचून वर बारीक माती पसरतात आणि वारा पडलेला पाहून तो राब पेटवतात. आग भडकू द्यायची नसते; ती आतल्या आत धुमसत राहिली पाहिजे, म्हणजे तणाचे बी जळते, जमीन भुसभुशीत होते आणि राख तेथेच मुरते. मृगाच्या सरी आल्या की त्या राखेत बी पडते. रोपे वितभर वाढली की चिखलणी आणि मग आवणी, म्हणजे गुडघाभर चिखलात वाकून, पाठीवर कोसळणाऱ्या पावसात, एकेक चूड रोवत मागे मागे सरकत जाण्याचे काम, दिवसच्या दिवस. पूर्वी पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले असे. आता प्लॅस्टिकचा कागद असतो. ते दिसायला ओंगळ खरे, परंतु वजनाला हलके, आणि वाकणारी पाठ आपली नसता इरल्याच्या सौंदर्यावर हळहळणे फारसे शोभत नाही. काळभातासारखे सुवासिक वाण या तालुक्याने जपले आहेत. देशी बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या.

शेतीला जोड जंगलाची. उन्हाळ्याच्या तोंडावर हिरड्याची कोवळी फळे उतरवून, ती अंगणात, पत्र्यांवर, कधी डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली दिसतात. हिरवी फळे काही दिवसांत सुरकुतून काळीठिक्कर पडली की त्यांना बाळहिरडा म्हणून बाजार मिळतो. औषधासाठी त्याला मागणी आहे आणि घरात रोख पैसा येण्याचे जे थोडे मार्ग येथे आहेत त्यांत तो एक मोठा आहे. १९८६ पासून हा बहुतेक भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, म्हणजे ३६१ चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक राखीव क्षेत्रात मोडतो. झाडांच्या शेंड्यांवरून शेकरू उड्या घेते. सप्टेंबरात उतार सोनकीने पिवळे होतात. आणि सात वर्षांतून एकदा कारवी फुलते तेव्हा एरवी नीरस दिसणारे डोंगर जांभळे पडतात.

रतनवाडीला अमृतेश्वराचे मंदिर आहे. शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालये बांधली असे शिलाहारांचे लेख म्हणतात, आणि नद्यांच्या उगमांवरची ती बारा मंदिरे कोणती हे सांगताना परंपरा अमृतेश्वराचे नाव हटकून घेते. मंदिर आकाराने मोठे नाही; परंतु सगळा चौकोनी-त्रिकोणी खाचाखोचांचा खेळ शिखरापर्यंत असा चढवत नेला आहे की, काळ्या दगडालाही वजन नसावे असा भास होतो. पुढून आणि मागून, दोन्ही अंगांनी आत जाता येते, हे त्याचे एक वैशिष्ट्य. दुसरे वैशिष्ट्य पावसाळ्यात दिसते, गाभाऱ्यात पाणी भरते आणि शिवलिंग त्याखाली जाते. पुजाऱ्याला ही अडचण वाटत नाही. नदीच्या उगमाचाच देव, त्याला पाण्याचे काय! जवळच दगडी पुष्करणी आहे; तिच्या भिंतींत देवकोष्ठे असून त्यांत विष्णूच्या मूर्ती बसवल्या आहेत, आणि शिवाच्या अंगणात विष्णूला दिलेले हे सन्मानाचे स्थान पाहून मनाला बरे वाटते.

समुद्रमंथनानंतर राहूचा शिरच्छेद झाला तेव्हा त्याच्या कंठातून गळालेले अमृत वाहू लागले, तीच ही नदी, असे येथले लोक सांगतात. अकोल्याला अगस्ती ऋषींचा आश्रम असल्यामुळे तेथे नदीच्या आगमनाची कथा निराळी सांगितली जाते. कथा कोणतीही घ्या, अमृतवाहिनी हे नाव दोन्हींना मान्य. याच नदीच्या काठी, खाली नेवाश्याला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या पाण्याने अवघ्या मराठी भाषेला तिचा श्रेष्ठ ग्रंथ होताना पाहिले, ते पाणी रतनगडाच्या पोटातून निघालेले आहे, ही गोष्ट रतनवाडीच्या ओढ्यात पाय सोडून बसलेल्या शंभर सहलकरूंपैकी किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

कळसूबाईची कथा याहून घरगुती आणि, माझ्या मते, याहून अधिक बोलकी आहे. कळसू ही कोळ्याची पोर. पलीकडच्या इंदोरे गावात एका घरी ती चाकरीला राहिली ती या अटीवर, की झाडलोट आणि भांडी घासणे ही कामे आपण करणार नाही. एके दिवशी घरात पाहुणे फार झाले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने ती घासली आणि घर सोडून डोंगरावर निघून गेली; पुन्हा उतरली नाही. ज्या जागी तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून दाखवतात. राज्यातले सर्वांत उंच स्थान जिच्या नावाने ओळखले जाते ती देवता ना राक्षस मारणारी, ना वर देणारी. करार मोडला म्हणून नोकरी सोडून गेलेली एक मुलगी. नवरात्रात तिच्या यात्रेला आसपासची गावेच्या गावे लोखंडी शिड्या चढून माथ्यावर जातात.

करार मोडले जाण्याचा अनुभव पुढे या मुलखाला सरकारदरबारीही आला. मराठ्यांच्या अंमलात या डोंगरी भागातील कोळी नाईकांकडे किल्ल्यांची शिबंदी आणि घाटवाटांचा बंदोबस्त असे आणि त्याबद्दल त्यांना वतने आणि नेमणुका मिळत. १८१८ नंतर कंपनी सरकारने किल्ले ओस पाडले, शिबंदी कमी केली, जुने हक्क दप्तरात तपासायला घेतले. इकडे सावकाराची पकड मात्र घट्ट होत गेली. त्यातून उठाव झाले. देवगावच्या राघोजी भांगरे यांचे बंड त्यांत सर्वांत मोठे. त्यांचा रोख इंग्रजांइतकाच सावकारांवर होता. सरकारने पाठलाग केला, लोकांनी लपवले, आणि अखेरीस ते पंढरपुरास पकडले गेले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. रतनगडावर आज गणेश, हनुमान, कोकण आणि त्र्यंबक हे दरवाजे, राणीचा हुडा नावाचा बुरूज आणि माथ्यावर कातळातून आरपार गेलेले नेढे एवढे शिल्लक आहे. त्या नेढ्यात बसले की वारा बोलू देत नाही, आणि खाली सगळे खोरे, पाण्यासकट, एका दृष्टिक्षेपात येते.

ते पाणी म्हणजे या शतकभरातील नवी गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भीषण दुष्काळांनंतर सरकारने पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नाची चौकशी आयोगामार्फत केली आणि अवर्षणग्रस्त मुलखाला संरक्षक म्हणून जी कामे हाती घेतली गेली त्यांत प्रवरेचे काम होते. १९१० साली भंडारदऱ्याला धरणाचे बांधकाम सुरू झाले आणि १९२६ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले; म्हणून ते विल्सन धरण. दगडी बांधकाम, उंची २७० फूट, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. भिंतीच्या पायथ्याशी मोरीतून सोडलेले पाणी एका गोल खडकावर आपटून छत्रीसारखे पसरते, त्याला अंब्रेला फॉल म्हणतात आणि बहुतेक प्रवासी त्याच्यापुढेच छायाचित्र काढून परततात.

या पाण्याने खाली काय केले ते सर्वश्रुत आहे. कालव्यांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या कोरड्या जमिनी भिजल्या, ऊस आला, आणि १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या लाभक्षेत्रात सहकारी साखर कारखान्याचे चाक फिरले. महाराष्ट्राच्या सहकाराचा आणि राजकारणाचाही पुढचा मोठा इतिहास तेथून निघतो. धरण १५ ऑगस्टपर्यंत भरावे अशी खालच्या लोकांची जुनी आस आहे. जुलै-ऑगस्टात साठ्याचा आकडा वर्तमानपत्रांतून रोज छापला जातो आणि तो साडेदहा हजारांवर गेला की धरण भरल्याचे जाहीर होते. वरच्या खोऱ्यात मात्र याच धरणाने तळाच्या सपाट, गाळाच्या जमिनी घेतल्या आणि गावे उतारावर सरकली. जेथे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेथे एप्रिल-मे महिन्यांत कड्यालगतच्या वाड्यांतील बायका हंडे घेऊन झऱ्याच्या कपारीशी पाळी लावतात. कारण कातळ पाणी धरत नाही, आणि खाली दिसणारा जलाशय आवर्तनांच्या वेळापत्रकाप्रमाणे रिता होत असतो. घाटघरला तर विजेचा अडीचशे मेगावॉटचा प्रकल्प आहे: मागणीच्या वेळी पाणी कड्यावरून कोकणाच्या बाजूला सोडून वीज करायची आणि मागणी नसताना तेच पुन्हा वर उपसून घ्यायचे. अभियांत्रिकीचा हा नमुना निःसंशय कौतुकास्पद. परंतु पाणी वर आणण्याची युक्ती साधलेल्या शास्त्राला शेजारच्या वाडीचा हंडा भरण्याचे काम अजून पुरते का साधू नये, असा प्रश्न पडतोच.

दिवाळी आटोपते, भात खळ्यावर झोडले जाते, आणि मग घरेच्या घरे कुलूपबंद होऊ लागतात. कर्ती माणसे नारायणगाव, आळेफाटा, नाशिककडे टोमॅटोच्या, द्राक्षांच्या आणि कांद्याच्या रानात कामाला जातात. नारायणगावच्या स्थानकाजवळ सकाळी मजुरांचा बाजार भरतो. मुकादम येतो, दर ठरतो, जीप भरते. हिवाळ्यात खोऱ्यात शिरणारा प्रवासी ज्या निःशब्दतेवर लुब्ध होतो, ज्यात दूरच्या गाईची घंटाही स्पष्ट ऐकू येते, तिचा काही अंश डोंगरांचा असेल. परंतु बराचसा या कुलूपबंद घरांचा आहे. शहरात ज्याला आपण निवांतपणा म्हणून पैसे मोजतो तो येथे वर्षाच्या ठरावीक महिन्यांत गावाच्या इच्छेविरुद्ध पसरतो.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत चित्र पालटते. पहिल्या वळवाने हवा दमट झाली की काजवे निघतात. वर्षाचा बहुतेक काळ अळीच्या रूपाने ओल्या मातीत, गोगलगायींवर जगलेला हा जीव प्रौढ झाल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो आणि तेवढ्या अवधीत जोडीदार मिळवण्यासाठी पोटातल्या रसायनाचा प्राणवायूशी संयोग घडवून उष्णताविरहित प्रकाश पाडतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी बसलेले नर एका लयीत उजळतात आणि विझतात. प्रकाशाची लाट झाडाच्या बुंध्याकडून शेंड्याकडे धावत गेल्यासारखी दिसते आणि मग सगळे झाड क्षणभर नाहीसे होते. हे पाहण्यासाठी शनिवारी रात्री मोटारींच्या रांगा लागतात. गाडीचे दिवे आणि हातातले विजेऱ्यांचे झोत यांनी काजव्यांचा संकेतच पुसला जातो, म्हणजे जे पाहायला आलो तेच आपल्या येण्याने बिघडते. वनखाते प्रवेशशुल्क घेते आणि रात्रीच्या वाहतुकीला वेळेची मर्यादा घालते. परंतु केवळ हुकमांनी हा प्रश्न सुटणारा नाही, कारण याच दोन-तीन आठवड्यांत तंबू, जेवण आणि वाटाड्याचे काम यांतून गावाच्या हाती जो पैसा येतो तो आवणीच्या आधीच्या तंगीत फार मोलाचा असतो. गर्दी नको म्हणणाऱ्याने ही बाजूही हिशेबात धरली पाहिजे.

माझ्या पसंतीचा काळ सप्टेंबरच्या अखेरीपासून भात कापणीपर्यंतचा, आणि तोही सोमवार ते गुरुवार. पाऊस ओसरलेला असतो, ओढे भरलेले असतात, पाण्याच्या काठाने रतनवाडीपर्यंतचा रस्ता मोकळा असतो आणि माणसे गावातच असतात. साम्रद किंवा रतनवाडीला एखाद्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवले तर नाचणीची भाकरी, उडदाचे घुटे आणि नव्या तांदळाचा भात मिळतो. दराबद्दल घासाघीस करू नये. रतनगडाला जायचे तर गावातला वाटाड्या घ्यावा, शिड्यांवर पावसाळी शेवाळ असते. शेंडीहून परतीची एसटी राजूरमार्गे अकोल्याला जाते. ती वेळेवर सुटते की नाही हे स्थानकावर विचारण्यापेक्षा चहाच्या टपरीवर विचारलेले बरे.